शिव्यांच्या कोशाची सुरक्षित प्रत

प्रा. भालचंद्र अंबडकरांनी आपला कोश सुरक्षित ठेवण्यासाठी जेवढी विद्वत्ता खर्च केली, तेवढी तो लिहिण्यासाठीही केली नसेल. जालन्यात मस्तगडातल्या घरी, संगणकाच्या पोटात, 'जालना परिसरातील शिव्यांचा चिकित्सक कोश' तयार होऊन पडला होता. सरांच्या आयुष्याचे एवढेच काय ते संचित, आणि महिनाअखेर ते औरंगाबादच्या प्रकाशकाकडे पोचायचे होते. एका समितीने विषय असभ्य ठरवून अनुदान नाकारले होते. त्या समितीच्या सदस्यांची आपसातली भाषा सरांनी उदाहरणांदाखल कोशात घेतली होती, तळटीपांसह.

हस्तलिखित चिठ्ठ्या टंकून होताच त्यांनी रद्दीत घातल्या. कागदाला वाळवी लागते, असे त्यांचे मत. संगणकावरचे सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवणारा एक प्रोग्राम त्यांनी स्वतः बसवला. त्याला चित्रे नव्हती, बटणे नव्हती. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकली की तो निमूट राबायचा. असा शिष्य सरांना उभ्या नोकरीत लाभला नव्हता.

"अहो, चहावर साय धरली. किती वेळ त्या पाटीकडं बघून राह्यलात?" अरुंधतीबाईंनी विचारले.

"सेटिंग करतो आहे. ग्लोबल. एकदा लिहिलं की घरातल्या प्रत्येक फाइलला लागू."

"बरं झालं, मी फाइल नाही."

सरांनी तिकडे दुर्लक्ष केले. प्रोग्रामचे नियम दोन ठिकाणी लिहिता येत: एकेका फोल्डरपुरते, नाहीतर सर्वत्र लागू होणारे. सत्य हे सार्वत्रिकच असते, अशी सरांची तत्त्वनिष्ठा. त्यांनी फोल्डरपुरत्या नियमांकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पहिला नियम बाईंच्या भजनांसाठी होता. भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणांनी डिस्कची निम्मी जागा व्यापली होती, आणि त्या साऱ्या फाइलींची नावे 'shri' ने सुरू होत. सरांनी लिहिले: shri ने सुरू होणारे सर्व काही वगळावे. दुसरा नियम: जे वगळले, ते आधीच्या प्रतीत असल्यास तेथूनही पुसावे. तिसरा: पुसताना बडबड करू नये. तिन्ही नियम स्वच्छ, तर्कशुद्ध आणि परस्परपूरक होते.

आता सर कट्टर बुद्धिवादी. घरात देव होते ते अरुंधतीबाईंचे. पण पाटीवर पहिले अक्षर गिरवले त्या दिवसापासून सरांचा हात वर 'श्री' काढल्याखेरीज पुढे सरकत नसे. कोशाच्या फाइलींनाही त्यांनी नकळत त्याच शिस्तीने नावे दिली होती: shri-a, shri-aa, shri-ka... परिसरातली एकूण एक शिवी अशी श्रीकारपूर्वक नांदत होती.

पुढच्या आठवड्यात दुपारी वीज गेली. ती परतली तेव्हा एवढ्या उत्साहाने परतली, की संगणकाची डिस्क एकदा किंचाळून कायमची गप्प झाली.

"घाबरू नकोस," सर शांतपणे म्हणाले. घाबरलेले कोणीच नव्हते. त्यांनी नवी डिस्क जोडली, प्रत उलट उतरवण्याची आज्ञा दिली आणि हाताची घडी घालून बसले. परत आले ते असे: वीज कार्यालयाकडे केलेल्या तक्रारी, समितीला लिहिलेली खरमरीत पत्रे, आणि त्या तीन नियमांची फाइल. शिवी एकही नाही.

सरांनी तिन्ही नियम पुन्हा वाचले. मग आपल्या फाइलींची नावे आठवली. त्यांचा चेहरा पाहून बाई पाणी घेऊन आल्या.

"माझी भजनं?" त्यांनी विचारले.

"तीही गेली," सर खाली मान घालून म्हणाले. "मीच वगळली होती. तुला न सांगता."

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. "जाऊ द्या. मंडळातल्या बायांना सगळी तोंडपाठ आहेत, परत म्हणतील. तुमच्या शिव्या पण कुणाच्या तोंडपाठ असतीलच की!"

होत्या. आष्टीच्या द्वारकाबाईंच्या. कोशाचा मोठा भाग या एका बाईच्या जिभेवरून उतरला होता; सर सुट्ट्यांमागून सुट्ट्या त्यांच्या बांधावर बसून ऐकत असत. दुसऱ्याच दिवशी सर टेपरेकॉर्डर काखोटीला मारून आष्टीला पोचले. द्वारकाबाई ओसरीवर कापसातला कचरा निवडत होत्या.

"मावशी, त्या सगळ्या शिव्या पुन्हा एकदा हव्या होत्या."

"अगं बाई! सर, पाव्हण्याला कोणी शिव्या देतं का? बसा, चहा घ्या."

"नुसत्या सांगा."

"नुसत्या येत न्हाईत त्या. राग यावा लागतो. तवा गडी माणसं कामचुकार होती, रोज येत होता. आता लेकानं ट्रॅक्टर घेतला. त्याला शिव्या देऊन काय फायदा?"

सरांनी अभ्यासपूर्वक राग आणायचा प्रयत्न केला. चहा पाणचट आहे म्हणाले. बाईंनी आणखी साखर दिली. कापूस हलका दिसतो म्हणाले. "बराबर बोललात," म्हणून बाई हसल्या. शेवटी सरांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पण पयल्या गेल्या कुठं?" द्वारकाबाईंनी मायेने विचारले. "चोरी झाली का?"

"नाही. मीच यंत्राला लिहून दिलं होतं, हे ठेवू नको म्हणून."

"तुम्ही?"

"आणि जुनं असेल तेही पूस म्हणून."

"सोत्ताच्या हातानं?"

"आणि पुसताना मला सांगूही नको म्हणून."

द्वारकाबाईंच्या हातातला कापूस खाली पडला. सरांनी घाईघाईने टेपचे बटण दाबले.

"आरं दळभद्र्या!" बाई उठून उभ्या राहिल्या. 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, ते त्यांनाही कळले नाही. "करंट्या, घरबुडव्या! माझी सुगी खाल्ली, माझ्या खुरपणीचा इस्कोट केला, माझं टकुरं पिकवलं, आन सोत्ताच्या हातानं मातीत घातलं? तुझा मुडदा बशीवला तुझा! शिकलास कशाला रं, मुर्दाडा?"

शेजारपाजारच्या बाया कुंपणाशी जमल्या. सरांच्या शिक्षणावरून बाई त्यांच्या गुरुजनांवर आल्या, तिथून संगणक बनवणाऱ्यावर, मग त्याच्या पूर्वजांवर. जुन्या नोंदी एकेक करून परत येत होत्या, आणि मधेच अशा काही येत, की ज्या कोशात कधीच नव्हत्या. सरांना सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली होती, श्रीफळ मिळाले होते, तीन भाषणे ऐकायला मिळाली होती. पण आपल्या कामाची एवढी तळमळ कोणाला आहे, हे त्यांना आजच कळत होते. हात जोडून ते प्रत्येक शब्द मस्तकी घेत राहिले.

टेप खट्‌कन थांबला. सरांनी भीत भीत बोट वर केले.

"मावशी... उपकार झाले. जरा कॅसेट उलटतो."

द्वारकाबाईंनी तांब्यातल्या पाण्याचा घोट घेतला, पदर खोचला.

"उलट, कुलबुडव्या. निम्म्यावर बी न्हाई आले मी आजून."