नायकाचं बारसं

मी बियाण्याच्या कंपनीत कारकून. माझं आजवर छापून आलेलं एकमेव साहित्य म्हणजे पिशवीवरचं ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. (तेही साहेबांनी दोनदा दुरुस्त केलं होतं.) त्यामुळे दिवाळी अंकाच्या संपादक सुमेधाताई ‘तुमची कथा घेऊ’ म्हणाल्या, तेव्हा मी हवेतच गेलो. त्यांची अट एकच होती. पात्रांची नावं छोटी आणि वेगळी हवीत, वाचकाच्या लक्षात राहतील अशी.

मी नायकाचं नाव ठेवलं ‘झेन’. साधनाला, म्हणजे बायकोला, कौतुकानं सांगितलं. तिनं तितक्याच कौतुकानं आष्टीला माझ्या थोरल्या बहिणीला कळवलं. दुसऱ्याच दिवशी दैवशालाअक्का पिशवीसकट दारात!

“ढंप्या,” (हे माझं घरातलं नाव. बाहेर कुणाला कळू नये म्हणून मी जिवाचं रान केलंय.) “तुझ्या पार्थचं नाव कोनी ठेवलं?”

“तू.”

“चिन्मयीचं?”

“तूच.”

“मंग ह्या पोराचं परस्पर कसं काय ठेवून राह्यला? आत्या मेली का?”

“अक्का, तो कथेतला आहे! कागदावरचा!”

“कागदावरचा का होईना, तुझाच हाय ना? मान आत्याचा. बिलकुल ऐकणार न्हाई मी.”

साधनानं घुगऱ्या शिजत घातल्या, तेव्हाच मी ओळखलं की या घरात माझं मत संपलं. अक्कानं कथा सुपात ठेवली, पहिल्या पानाशी वाकून ‘कुर्रर्र’ केलं आणि म्हणाली, “सोमेश्वर!” साधनानं रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. शेवटचा, सगळ्यात जोराचा, मला बसला. वर आत्याची साडी झालीच.

“आता गोष्टीतल्या चोराचं बारसं कधी?” अक्कानं विचारलं. मी चोरच कथेतून काढून टाकला.

आठवड्यानं सुमेधाताईंचा फोन आला, तेव्हा अक्का अजून मुक्कामालाच होती. घरच्यांनीही कौतुक ऐकावं म्हणून मी स्पीकर लावला. (माझी अक्कल!)

“कथा घेतली! सोमेश्वर जरा लांब आहे, पण चालेल. तुमचं नाव मात्र... नरहर रामराव कुंभारपिंपळगावकर? अहो, अनुक्रमणिकेत मावत नाही. काही छोटं, वेगळं नाही का?”

मी तोंड उघडण्याआधीच मागून आवाज आला, “ल्ह्या ताई, मी सांगते. त्याची नावं ठेवायचा मान माझाच हाय!”

एमआयडीसीतल्या आमच्या वॉचमनला माझं आडनाव कधीच जमलं नव्हतं. आता दिवाळी अंक निघाल्यापासून तो गेटवरून, सगळ्या शिफ्टसमोर, सलाम ठोकतो, “नमस्कार, ढंप्यासाहेब!”