घासागणिक गाव

शमीमभाभी कुणाला नाव विचारत नाही, आधी हात मागते. अंबाजोगाईच्या वर्गात पहिल्या दिवशी मी तिच्या शेजारी टेकले, तर तिनं माझा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, अंगठा तळव्यात दुमडला, बोटांच्या मुळाशी चार ठिकाणी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "दोन-सहा. पर अंगठा हट्टी हाय." मी म्हटलं, "माझं नाव सुनंदा." ती म्हणाली, "असू दे की," आणि हात परत केला.

दोन-सहा हे बांगडीचं माप. शमीमभाभी केजची बांगडीवाली. आईच्या मागं टोपली घेऊन हिंडायला लागली तेव्हा दहा वर्षांची होती, आता सेहेचाळीस. एवढ्या वर्षांत तालुक्यातल्या निम्म्याअधिक बायकांचे हात तिच्या मांडीवर येऊन गेले असतील. चेहरे काही तिच्या लक्षात राहत नाहीत. बाजारात कुणी हाक मारली की ती आधी मनगटाकडे बघते आणि मग ओळखीचं हसते. "ही दोन-चार. डाव्या हाताला भाजल्याचा डाग. मागल्या साली पोरीचं लगीन केलं हिनं." पुरुषांचीही त्यातून सुटका नाही. आमच्या जीपच्या ड्रायव्हरला ती 'पावणेतीन' म्हणते आणि तो बिचारा ओ देतो.

वर्ग होता व्यवसायोपचार सहाय्यकांचा, एक वर्षाचा. नाव जडजंबाल आहे, काम साधं. ज्याच्या अंगावरून वारं गेलंय, ज्याचा हात अपघातात अधू झालाय, अशा माणसाला रोजची कामं पुन्हा शिकवायची. बटण लावणं, जेवणं, केस विंचरणं. काय शिकवायचं ते थेरपिस्ट मॅडम ठरवतात, आणि सहाय्यकानं ते रोज, न कंटाळता, करून घ्यायचं. मी गेले कारण लेक लग्न होऊन सासरी गेली होती, नवऱ्याचं किराणा दुकान माझ्यावाचून उत्तम चाललं होतं आणि दुपारी घर खायला उठायचं. शमीमभाभी का आली होती, हे मात्र आठ महिने कळलं नाही. जीपमध्ये ती सांगायची, "पोरी आता काचंच्या बांगड्या घालीत न्हाईत, धंदा बसला." वर्ग घेणाऱ्या कुलकर्णी मॅडमना सांगायची, "सेवा करायची हाय." मला म्हणाली, "पांढरा कोट लई आवडतो." मला कोटाचं कारण पटलं. रोज इस्त्री करून, घडी घालून ती तो पिशवीतून आणायची आणि दवाखान्याच्या फाटकाच्या दहा पावलं अलीकडं अंगात चढवायची.

केजहून आम्ही दोघी एकाच जीपनं जायचो. सकाळची वेळ, शेतांवर धुकं, मागच्या बाकावर आठ जणांच्या जागेत दहा माणसं. बसल्या बसल्या शमीमभाभी माझा हात ओढून घ्यायची आणि बाहेर बघत एकेक बोट चेपत राहायची. माझ्याशी त्याचा संबंध नसायचा, तिच्या बोटांना सवय होती. मला गुंगी यायची. तुरीची शेतं, बाभळी, डोक्यावर कळशी घेतलेली बाई असं सगळं अर्धवट डोळ्यांपुढून सरकायचं आणि मध्येच तिचा आवाज यायचा. "मला सपनात माणसं दिसत न्हाईत. नुसते हात येतात. येतात आन् मांडीवर बसतात." मी हसले होते तेव्हा. पुढं मलाही एकदा तसंच स्वप्न पडलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

कुलकर्णी मॅडमचा पहिला नियम होता, आपण करायचं नाही, त्यांना करू द्यायचं. रोगी बटणाशी झटत असला तरी आपले हात पाठीमागे. आम्हाला दोन दिवसांत जमलं. शमीमभाभीला तोंड बंद ठेव म्हटलं असतं तर एक वेळ जमलं असतं, हात बंद ठेवणं जमेना. तिचा धंदाच उलटा. बांगड्या भरताना बाईनं काही करायचं नसतं. हात सैल सोडायचा, दुसरीकडं बघायचं, सासूबद्दल बोलायचं. बाकी सगळं बांगडीवाली बघते. "तू जोर लावलास की बांगडी वाढली," असं ती गिऱ्हाइकाला दटावते. फुटली असं ती चुकूनही म्हणत नाही.

मग काय, रोग्यासमोर ती आपल्या हातांवर बसायची. हात हळूहळू मांडीखालून बाहेर यायचे. मग ओढणीनं मनगटं मागं बांधून घ्यायची, तर समोरचा माणूस बटण लावताना तिची बोटं पाठीमागं हवेतच बटणं लावत राहायची. मॅडम तिच्या मागं उभ्या राहून ते बघायच्या आणि पुढं जायच्या.

एकदा मॅडमनी बांगड्याच आणायला सांगितल्या. धारूरकडच्या एक आजी होत्या, पक्षाघातानं उजव्या हाताची बोटं आखडलेली. त्यांनी ती बोटं गोळा करून निकामी हात स्वतः बांगडीत घालायचा, दुसऱ्या हातानं बांगडी सरकवायची, असा व्यायाम. वेळ एक तास. मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या तर आजींच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा. वाटीत साबणाचं पाणी. आजी हात वर करून बाकीच्या रोग्यांना दाखवत होत्या आणि त्या बायका आपापले हात घेऊन रांगेत.

"हा कोणी भरला?" मॅडमनी विचारलं.

"म्या," शमीमभाभी म्हणाली.

"मग व्यायाम कोणाचा झाला?"

"माझा," ती म्हणाली, आणि तिला त्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं. आजींनी उलट मॅडमनाच झापलं, की पोरीच्या हातात गुण आहे, तिला बोलू नका.

प्रात्यक्षिक परीक्षेत व्हायचं तेच झालं. सदरा घालायला शिकवायचं होतं. घालताना आजारी हात आधी बाहीत, काढताना आजारी हात शेवटी, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा आधी पाठ झालं होतं. समोरच्या म्हाताऱ्यानं बाह्या चढवल्या, पहिलं बटण धरलं आणि त्याची बोटं थरथरायला लागली. शमीमभाभीनं तीन बटणं लावून टाकली. चौथ्याला तिच्या लक्षात आलं. तिनं तीनही बटणं पुन्हा काढून ठेवली आणि परीक्षकांकडं बघून हसली. वर्गात ती एकटी नापास झाली. मॅडमनी एक संधी दिली. महिनाभर एका माणसाला त्याच्या घरी शिकवायचं, तो स्वतः जेवला आणि स्वतः सदरा घातला पाहिजे, आणि मॅडम घरी येऊन बघणार. हे जमलं नाही तर प्रमाणपत्र नाही.

रोगी कुठून आणायचा, हे ठरवायला मी रविवारी तिच्या घरी गेले. आठ महिने एका जीपनं जाऊन मी तिच्या घरी कधी गेले नव्हते, याची मला दारातच लाज वाटली. आत पलंगावर तिचा नवरा बसला होता. युसूफभाई. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात छातीशी दुमडलेला, काठी उशाशी. "बसा ताई," म्हणाले. शमीमभाभी समोर बसून त्यांना वरण-भात भरवत होती. तोंड पुसत होती. सदऱ्याची बटणं तिनंच लावलेली, भांग तिनंच पाडलेला. माझा संताप झाला. दुसऱ्यांच्या घरचे हात सोडवायला ही रोज जीपनं अंबाजोगाईला जाते आणि घरात हे. तिला परसात ओढत नेलं आणि म्हटलं, "भाभी, रोगी घरातच आहे की. इतके दिवस का नाही शिकवलं?"

ती कपडे वाळत घालायला लागली. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये, माझी करंगळी चेपता चेपता, आपणहून बोलली.

"हे ट्रकवर व्हते. पंचवीस वर्षं. महिन्यातले चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. आमी नवरा-बायको हाय का सोयरे, कळत नव्हतं. वारं गेलं तवापासून समोर बसतात. घास भरवते तर बोलतात, माय. एका घासाला एक गाव सांगतात. कुठं पहाटं चहा पेलते, कुठं मिठाचे ढीग चांदण्यावानी दिसलते. म्या केज सोडून कुठं गेलते कधी? आता बसल्या जागी समदा देश फिरते." मग तिनं शेजारचं बोट धरलं. "स्वतःच्या हातानं खाणारा माणूस बोलत न्हाई. मान खाली घालून खातो. शिकायला म्हणून मीच आलते, ह्यांच्यासाठीच आलते. घरी गेले की हिंमत होत न्हाई. असंच राहावं वाटतं. लई वाईट बाई हाय का मी?"

मी हात तिच्या मांडीवर तसाच राहू दिला.

पुढच्या आठवड्यात एक गोष्ट घडली. शमीमभाभीनं झाडायला पलंगाखालची चटई उचलली, तर खाली वाळलेली डाळ आणि भाताची शितं. कोपऱ्यात ट्रंकेमागं एक चमचा. त्याच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवलेलं. अधू बोटांना पकड यावी म्हणून चमच्याची दांडी जाड करतात, हे तिनंच वर्गातून येऊन गंमत म्हणून सांगितलं होतं. युसूफभाईंनी शेजारच्या सायकलवाल्याकडून रबर बसवून घेतलं होतं, आणि ती अंबाजोगाईला गेली की ते झाकून ठेवलेलं अन्न घेऊन रोज धडपडत होते. सांडलेलं पुसता येत नव्हतं म्हणून चटईखाली सारत होते.

"म्हणलं, लपवलंत कावून?" तिनं मला सांगितलं. "तर म्हणले, तुला वाईट वाटलं असतं. तुला भरवायला आवडतं." हे सांगताना ती हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. "माझ्या भ्यानं चोरून शिकत व्हते गं. माझ्याच घरात."

त्या दिवसापासून तिनं भरवणं थांबवलं. महिना कसा गेला ते मी पाहिलंय. युसूफभाईंचा घास तोंडाशी येऊन परत ताटात पडायचा, आणि पलीकडं शमीमभाभी दातांनी ओढणीचं टोक धरून बसायची. भात छातीवर, वरण मांडीवर. एका जेवणाला तास लागायचा. कुणी बोलायचं नाही. गावं बंद झाली ती झालीच.

कुलकर्णी मॅडम आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. युसूफभाई चाळीस मिनिटं जेवले. ताट जवळजवळ रिकामं केलं. मग त्यांनी सदरा घेतला, आजारी हात आधी, चांगला नंतर, आणि एकेक बटण लावत गेले. शमीमभाभी पलीकडच्या भिंतीला टेकून उभी होती. मॅडमनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "शमीम, जमलं तुला." ती ताट उचलायला पुढं झाली.

मॅडम गेल्यावर युसूफभाई उठले. काठी घेतली. "जरा स्टँडवर जाऊन येतो," म्हणाले. स्टँडजवळच्या हॉटेलात जुने ड्रायव्हर बसतात. दोन वर्षांत ते तिकडं गेले नव्हते. आम्ही दोघी दारात आलो. तेव्हा मला दिसलं, की सदऱ्याची बटणं एका काजानं चुकली आहेत. एक बाजू वर, एक खाली. मी तिच्याकडं पाहिलं. तिलाही दिसलं होतं, तिला आधीच दिसलं असणार.

"भाभी, हाक मारू का? लोक हसतील."

"हसू दे," ती म्हणाली. "त्येंनी लावलंय."

ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. वळताना त्यांनी काठी बगलेत धरली आणि कुणाला तरी हात वर करून सलाम केला. मग दिसेनासे झाले. शमीमभाभी दारातच उभी राहिली. ऊन पायऱ्यांवर आलं होतं. मला तिला एकटं टाकून जाववेना, म्हणून विचारलं, "शेवटचं गाव कुठलं सांगत होते?"

"राजमुंद्री," ती म्हणाली. "आपल्या गेवराईवरनं जाती तीच गोदावरी. तिथं समुंदरावानी दिसती म्हणं, पलीकडचा काठच दिसत न्हाई. लई लांब पूल हाय." ती गल्लीच्या टोकाकडंच बघत होती. "घास थांबले तवा आमी निम्म्यावर व्हतो."