भाड्यासोबत आलेले कादरी सर

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या आधी त्याच्या चपलेची तपासणी होते. माणूस दारात चप्पल काढून आत येतो. तेवढ्यात कादरी सर खुर्चीवरून उठतात, बाहेर जाऊन ती चप्पल उचलतात, आतून बोट फिरवतात, उलटी करून झटकतात आणि टोकं रस्त्याकडं करून जोडीनं मांडतात. बूट असला तर मनगटापर्यंत हात आत. एकदा एका फौजदाराचा बूट असाच उलटा केला. फौजदार माझ्याकडं बघत होता, मी छताकडं.

सर माझे नोकर नाहीत, भागीदार नाहीत, पाहुणे तर नाहीतच. ते मला भाड्यासोबत आले.

मी फर्दापूरचा. लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना रंगीत दगड विकत मोठा झालो. साहेबाच्या गाडीचं दार लागेपर्यंत सौदा सोडायचा नाही, एवढंच माझं शिक्षण. त्याच जोरावर शहरात आलो आणि जिमवाल्या पोरांसाठी पावडरी, गोळ्या, डबे विकायचं ठरवलं. जागा कादरी सरांची. कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, घरात एकटा. काय विकणार, एवढं त्यांनी बारकाईनं विचारलं. मग मी लाज सोडून अगदी कमी भाडं सांगितलं.

सर म्हणाले, "मंजूर. मगर एक शर्त. संध्याकाळी माझी एक खुर्ची आत राहील."

म्हाताऱ्याचा वेळ जात नसेल, असं समजून मी मनात हसत सही केली. फर्दापूरच्या माणसाला आयुष्यात एकदाच कुणी लुटलं, ते असं.

पहिलंच गिऱ्हाईक आलं. "कार्निटिनचा डबा द्या. चरबी जळती म्हणं."

मी डबा काढला. खुर्चीतून आवाज आला, "पहले ये बताओ बेटा, कोणासाठी?"

"माझ्यासाठीच की."

"तब्येत?"

"एकदम कडक!"

झालं. सरांचा वर्ग भरला. "पेशीत एक भट्टी असते. चरबी आपल्या पायानं तिच्यात जात नाही. तिला पाठीवर घेऊन जाणारा हमाल म्हणजे कार्निटिन. आणि हा हमाल रिकाम्या पाठीनं परतत नाही, मियां! भट्टीत अॅसिटिलचा, म्हणजे अर्धवट जळालेल्या तुकड्यांचा, ढीग साचला की तो लादून बाहेर आणतो. पाठीवर अॅसिटिल घेतलेला हमाल, तोच अॅसिटिलकार्निटिन. तो माल निघाला नाही तर भट्टी गुदमरते. साखर जाळू की चरबी, तिला सुधरत नाही."

"मग द्या की लवकर डबा!"

"हा हमाल तुझं यकृत आणि मूत्रपिंड फुकटात तयार करतात. मोंढ्यात दहा हमाल जास्त उभे केले म्हणून माल जास्त येतो का?"

पोरगं नेमकं मोंढ्यातल्या धान्याच्या आडत्याचं निघालं. "नाय येत," म्हणालं, आणि गेलं. झटकलेली चप्पल घालून.

मी भडकलो. "सर, माझ्या दुकानात बसून माझ्याच मालाला नावं ठेवता?"

"नावं? तौबा! लाजवाब चीज आहे."

डोकं फिरतं ते इथं. माल वाईट म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. पण सर म्हणतात, ज्या लेकराच्या अंगात जन्मतः कार्निटिन टिकत नाही त्याला डॉक्टर तेच देतात, त्यावर ते जगतं. मधुमेहात पायाला मुंग्या येतात, तिथं अॅसिटिलकार्निटिननं कुणाला उतार पडतो, कुणाला नाही. "म्हणून तर विचारतो, कोणासाठी?" विकणारा हो म्हणतो, अडवणारा नाही म्हणतो. हा माणूस दोन्ही म्हणत नाही आणि गिऱ्हाईक मात्र जातं.

मी त्यांचा चहा बंद केला. ते घरून थर्मास आणायला लागले, आणि पहिला कप मलाच. पंखा थेट त्यांच्या अंगावर फिरवला, तर मफलर आणला. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, खुर्ची काही हलली नाही.

शेवटी करार संपत आला. मी ठरवलं, भाडं वाढवून देतो म्हणायचं, पण खुर्ची बाहेर. असलं वाक्य माझ्या तोंडाला सवयीचं नाही, म्हणून दुपारभर घोकत बसलो.

त्याच संध्याकाळी करमाडहून एक माणूस आला. मोबाइलवर फोटो दाखवला. अॅसिटिलकार्निटिनच्या गोळ्या. किंमतही विचारली नाही. घासाघीस न करणारा माणूस फार अडलेला असतो, हे मला फर्दापुरात कळलं होतं. मी डबी काउंटरवर ठेवली.

"कोणासाठी?" खुर्ची बोललीच.

"मंडळीसाठी. क्यान्सर हाय, किमो चालूय. पाय पार बधिर पडलेत तिचे. हे शिरांना लई चांगलं म्हणं."

आता हमाल येणार म्हणून मी दात आवळले. हमाल आला नाही. सर उठले आणि डबीवर हात ठेवला. "ही नका देऊ त्यांना."

"सर, लई आशेनं आलोय."

"मीही आशेनंच दिली होती. माझ्या बेगमला." आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "डॉक्टरांना विचारलं नाही. मी स्वतःच शिकवत होतो ना, भट्टी, हमाल, सगळं पाठ. बधिरपणा वाढत गेला, तशा मी गोळ्या वाढवत गेलो. पुढं वाचनात आलं, किमो चालू असताना यानं काहींचा त्रास उलट वाढतो. वाचलं तेव्हा ती नव्हती."

"मग म्या काय करू?"

"डॉक्टरांना सांगा, पाय बधिर झालेत. बायका लपवतात, तुम्ही सांगा. ते किमोचा डोस बदलू शकतात. घरी गरम पाण्यात आधी तुमचा हात घालून बघा, मग तिचे पाय. आणि चप्पल झटकून देत जा. माझ्या बेगमच्या चपलेत खडा होता. दिवसभर त्यावर चालली. संध्याकाळी रक्त मी पाहिलं. तिला कळलंच नव्हतं."

माणूस उभाच राहिला. सर बाहेर गेले, त्याची चप्पल झटकली, जोडीनं मांडली. तो बघत होता. मीही.

डबी मी फळीवर परत ठेवली. आणि करारात खुर्ची राहिली. अर्थात फुकट नाही. खुर्ची राहणार तर भाडं वाढणार नाही, असं ठणकावलं. सर म्हणाले, "मंजूर." या माणसाला सौदा करता येत नाही.

काल दुकान बंद करताना सर मफलर गुंडाळत होते. त्यांची चप्पल दारात एकटीच उरली होती. सगळ्या गावाच्या चपला झटकणाऱ्या माणसाची चप्पल कोण झटकतं, हे कधी मनात आलं नव्हतं. मी वाकलो, उचलली, उलटी केली. बारीक खडी निघाली.

"अरे मियां, ये क्या?"

"करारात नाही हे!" मी ओरडलो. "सवय लावून घेऊ नका!"

आणि टोकं रस्त्याकडं करून ठेवली.