जिभाऊंचं दीव

आमच्या सोसायटीत जिन्यात उभं राहून "दीवहून माल आलाय!" असं ओरडून सांगणारा एकच माणूस आहे, आणि त्या माणसाने आयुष्यात लिंबू-सोड्याच्या पलीकडे काही घेतलेलं नाही. गुजरातेत दारूबंदी. दीव हे समुद्रातलं इवलंसं बेट मात्र त्या बंदीबाहेर. त्यामुळे सुरतेत 'दीव' हा शब्द पुरुषमंडळी आवाज उतरवून उच्चारतात आणि बायका भुवया चढवून ऐकतात. आम्ही डिंडोलीत राहायला आलो त्याच आठवड्यात ही आरोळी उठली आणि समोरच्या बिल्डिंगमधले दोन गृहस्थ चपला न घालता धावत आले. जिभाऊंनी कापडी पिशवीतून पिवळी पडलेली चार पोस्टकार्डं काढून त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, "हात धुतलेत का?"

ते गृहस्थ अजून जिभाऊंशी धड बोलत नाहीत.

जिभाऊ मूळचे धुळ्याकडचे, साक्रीजवळच्या एका खेड्यातले. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आले आणि रिंग रोडवरच्या कापड मार्केटात एका पेढीवर चिकटले. काम एकच. साड्यांच्या पार्सलांवर ब्रशने पत्ते लिहायचे. सगळी नोकरी त्यांनी ह्याच कामात काढली, त्यामुळे त्यांचं अक्षर कायमचं पार्सलाचं झालं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी काळ्या रंगात नाव, मजला, सोसायटी आणि पिनकोड रंगवलाय. पाण्याच्या टाकीवर आहे. हेल्मेटवर आहे. मुलाच्या लग्नात आहेराच्या खोक्यांवर त्यांनी सवयीने 'वरची बाजू' असा बाण काढला होता. बोलण्यातही तेच. पत्त्याला गुजरातीत सरनामुं म्हणतात, जिभाऊ त्याचं 'सरनामं' करतात, आणि कुणाचंही भलं-बुरं ह्या एकाच मापाने मोजतात. "माणूस बराबर आहे, पण सरनामं अर्धवट," असं ते म्हणाले की समजायचं, त्या माणसाला उसने पैसे द्यायचे नाहीत.

दीवचं खूळ मार्केटातच लागलं. एका जुन्या व्यापाऱ्याचं घराणं दीवचं. त्याने दुकान आवरताना पोतंभर जुने कागद पस्तीत काढले. रद्दीला इथे पस्ती म्हणतात. त्यात जिभाऊंना पोर्तुगीज अमदानीतलं एक कार्ड दिसलं. आफ्रिकेतून आलेलं, आणि त्यावर पत्ता म्हणून फक्त एका माणसाचं नाव आणि 'दीव'. बाकी काही नाही.

"ताई, मी त्या दिवशी जेवलो नाही," ते मला सांगत होते. "मी दिवसभर लिहितोय, शॉप नंबर, माळा, मार्केट, रोड, तरी माल चुकतो. आणि इथे समुद्रापारहून नुसत्या नावावर कार्ड पोचतंय! एवढंसंच गाव पाहिजे माणसाला. पोस्टमननं नाव वाचलं की म्हणायचं, हा का, हा त्या वडाजवळ बसलेला असेल."

तेव्हापासून जिभाऊ दीवचं टपाल जमवतात. पोस्टकार्डं, पाकिटं, पोर्तुगिजांची, नंतरची, आफ्रिकेला गेलेल्या दीवकरांनी घरी पाठवलेली. जमवतात, पण त्यातला मजकूर कधी वाचत नाहीत. कार्ड उलटून पाहायला गेलं तर हातावर चापट बसते. "दुसऱ्याचं पत्र वाचू नये. सरनामं वाचा, शिक्का पाहा. शिक्का बोलतो." शिक्का त्यांच्याशी खरंच बोलतो. कुठून निघालं, कुठल्या बंदरात रखडलं, कुठे चुकून गेलं आणि परत आलं, हे सगळं ते भिंग लावून सांगतात. सांगताना कपाळावर घाम येतो. ज्यांची पत्रं होती त्यांनाही इतकी काळजी वाटली नसेल.

एकदा सोसायटीची बस सोमनाथ करून दीवला गेली. आम्ही बायका समुद्रावर, पुरुष कुठे गेले ते मी लिहीत नाही. जिभाऊ उतरले ते थेट पोस्टात. किल्ला नाही, चर्च नाही, नारळपाणीसुद्धा नाही. संध्याकाळी त्यांना तिथून अक्षरशः ओढून बसमध्ये बसवावं लागलं. दोन-चार दिवसांनी बसमधल्या प्रत्येकाच्या घरी दीवच्या शिक्क्याचं कार्ड येऊन पडलं. 'आम्ही सर्व सुखरूप पोचलो.' आम्ही तोवर सुखरूप परतही आलो होतो.

मी ह्या माणसाची ऋणी आहे, आणि ते थट्टेत बुडून जाऊ नये म्हणून इथेच सांगते. मी साताऱ्याकडची. ह्यांच्या बँकेच्या बदलीमुळे सुरतेत आले, महापालिकेच्या मराठी शाळेत लागले, पण जीव रमेना. शेजारी अहिराणी, रस्त्यावर गुजराती, शाळेतली पोरं मधल्या सुटीत हिंदीत भांडणार. आईशी फोनवर बोलायचे आणि फोन ठेवला की रडायचे. जिभाऊंनी एक दिवस कोरी पोस्टकार्डं आणून माझ्या हातात ठेवली. "आईला कार्ड टाका. फोनवरचं बोलणं विरून जातं, कार्ड फडताळात राहतं." मी टाकलं. आईचं उत्तर आलं, मग दर आठवड्याला येऊ लागलं. आई गेली, पण तिच्या अक्षराचा गठ्ठा माझ्याकडे आहे तो ह्या माणसामुळे. अर्थात प्रत्येक कार्ड माझ्या हाती येण्याआधी जिभाऊंच्या भिंगाखालून जायचं. "तुमच्या गावचा पोस्टमास्तर शाई वाचवतो," हा शेरा आठवड्याला ठरलेला.

घरात मात्र ह्या छंदाला काडीची किंमत नव्हती. त्यांच्या पत्नी सुमनमावशी आल्यागेल्याला ऐकवायच्या, "मना घरमा मानसं कमी नि कागदं जास्ती शेतस!" मुलगा नवागामच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात. तो येऊन जेवून झोपणार. बाप भिंग घेऊन बसला की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. जिभाऊ हाक मारायचे, "अरे, हा शिक्का पाहा," आणि कुणी आलं नाही की भिंग पुसत बसायचे. मग खाली येऊन माझी बेल वाजवायचे.

यंदा मुलाचं लग्न झालं. सून आली, जागृती. शिंदखेड्याकडची, बारावी झालेली, बोलायला बिचकणारी. आणि त्याच सुमाराला जिभाऊंच्या आयुष्यात दुसरी मोठी गोष्ट घडली. शहरातल्या टपालछंदी लोकांच्या एका मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यात जिभाऊंना एक अख्खा फळा मिळाला. जिभाऊंची झोप उडाली. साडीच्या खोक्यांतून त्यांनी सर्वात चांगली पाकिटं निवडून एका वेगळ्या खोक्यात काढली. फळ्यावर पाकिटांखाली लावायच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या होत्या, कारण त्यांच्या अक्षरात लिहिलं असतं तर पाकिटांना जागा उरली नसती.

"तिकिटं जमवणारे वेगळे, ताई," त्यांनी मला बजावलं. "ते म्हणजे प्रवासी सोडून बसची तिकिटं जमवणारे. आपलं पाकीट अख्खं पाहिजे. तिकीट, शिक्का, सरनामं, सगळं जागच्या जागी. तिकीट सुटं केलं की पाकीट मेलं."

प्रदर्शन चार दिवसांवर आलं आणि गावाकडे भाच्याचं लग्न निघालं. जिभाऊ आणि मावशी गेले. ते परत आल्याचं कळलं तशी मी चिठ्ठ्या घेऊन वर गेले.

दार मावशींनी उघडलं. चेहरा असा फुललेला की मी त्या घरात तसा कधी पाहिला नव्हता. "या ताई, या! पहा आमच्या सूनबाईनं काय कमाल केली!"

टेबलावर एक अल्बम उघडा होता. त्यात दीवची तिकिटं, स्वच्छ, एकेक, रंगांप्रमाणे ओळीने लावलेली. प्रत्येक पानाला नवऱ्याच्या कारखान्यातली सोनेरी लेस चिकटवलेली. आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांना लटकत होती पाकिटं. जिभाऊंची निवडक पाकिटं. शाई धुऊन निघालेली. पत्त्यांच्या जागी फिकट निळे डाग.

जागृतीला शाळेत छंदाच्या तासाला शिकवलं होतं, तिकिटं कोमट पाण्यात भिजवायची, हलक्या हाताने सोडवायची, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवायची. सासरे काहीतरी मोठं करतायत एवढं तिला कळलं होतं. वेगळं काढून ठेवलेलं खोकं दिसलं, आणि बिचारीने दोन दिवस जेवणाकडे न पाहता सगळं पार पाडलं.

"अगं बाई!" एवढं माझ्या तोंडून निघालं आणि पुढचं वाक्य ओठांवर होतं. जिभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी चिठ्ठ्या पदराआड सरकवल्या.

प्रवासाची पिशवी अजून त्यांच्या खांद्यावरच होती. ते गॅलरीत गेले. खिशातलं भिंग काढून एकेक पाकीट पाहिलं, सगळी पाहिली. एक कलंडलेला चिमटा सरळ केला. जागृती पदर पिळत होती. तिला काहीतरी चुकल्याचा वास आला असावा, कारण ती घाईने म्हणाली, "एक बी तिकीट नही फाटनं, आबा."

जिभाऊ आत आले, टेबलाशी बसले, अल्बम जवळ ओढला आणि तिकिटांच्या कडा तपासू लागले. त्या कडेला बारीक दाते असतात, सोडवताना हमखास तुटतात.

"एक बी दात नही तुटना," ते शेवटी म्हणाले. "हाई समदं तू एकलीनी करं?"

तिने मान हलवली.

"आठे बस," ते म्हणाले. "हाई निळं तिकीट कसं सोडं, सांग मले." आणि नवी सून सासऱ्याशेजारी खुर्चीवर बसून, पहिल्यांदाच भरभरून बोलायला लागली. मावशी चहा ठेवायला गेल्या. मुलाने टीव्ही बंद केला. मी माझ्या चिठ्ठ्या पदराआड धरून खाली आले आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्यात भेटले. "पाकिटं गेली ना हो?" मी विचारलं.

"मेली," ते म्हणाले. मग हसले. "ताई, इतकी वर्षं ही पाहुणेमंडळी माझ्या घरात राहिली. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ह्या पोरीनं एकदम आंघोळच घातली!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "तिला काही बोलायचं नाही हं. पहिल्यांदा हात लावलाय. आता पोळला तर पुन्हा लावील का?"

"मग फळ्याचं काय?"

"फळा लागणार. तुम्ही एक नवी चिठ्ठी लिहा."

प्रदर्शन नदीपलीकडे अडाजणच्या एका हॉलमध्ये होतं. जिभाऊ, मावशी, जागृती आणि मी रिक्षेने गेलो. अल्बमची पानं, लेससकट, फळ्यावर काचेमागे लागली. खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी: 'दीवची तिकिटं. सोडवणारी आणि मांडणारी: सौ. जागृती.' मंडळाचे एक वयस्कर सभासद आले, चष्मा वर-खाली केला आणि कळवळून म्हणाले, "अरे मुरब्बी, आखुं कवर क्यां गयुं?" अख्खं पाकीट कुठे गेलं, हा त्यांचा सवाल जागृतीच्या कानी जायच्या आत जिभाऊंनी त्यांना खांद्याला धरून चहाच्या टेबलाकडे नेलं. काय सांगितलं कोण जाणे. परत आले तेव्हा ते गृहस्थ जागृतीला नमस्कार करून "बहु सरस, बेन" म्हणाले आणि घाईने पुढे सरकले. बक्षिसाचा प्रश्नच नव्हता.

जागृती मात्र हॉलभर फिरली. एकेका फळ्यासमोर थांबत, हात मागे बांधून. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. सगळ्या फळ्यांवर पाकिटं होती, अख्खी, तिकिटासकट, शिक्क्यासकट. ती हुशार मुलगी आहे. मी जिभाऊंकडे पाहिलं.

"आबा," ती अगदी हळू म्हणाली, "बाकीच्यासनी तिकिटं काबरं नही सोडी?"

जिभाऊंनी त्या सगळ्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवली. हॉलमध्ये त्यांच्यासारखेच पिकल्या केसांचे पुरुष आपापल्या फळ्याशेजारी खुर्ची टाकून एकेकटे बसले होते.

"त्यास्ना घरमा सोडी देनारं कोनी नही ना, माय," ते म्हणाले.