जनीच्या बाळंतपणाची मुशी

"औंदा माझी लेक जनी ताजी मुशी खाणार! भर पावसाळ्यात खाणार!" काळूरामने दिघीच्या बंदरावर छाती ठोकून सांगितलं. पावसाळ्यासाठी होड्या शाकारायला जमलेली माणसं हातातली नारळाची झापं तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

आता तुम्हीच सांगा, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर, जाळी माळ्यावर आणि मुशी, म्हणजे शार्कची धाकटी बहीण, भर दर्यात. ती काय चालत घरी येणार होती? पण कोणी हसलं नाही. गेल्या पावसाळ्यात जनीचं पहिलं पोर दुधावाचून गेलं होतं. बाळंतिणीला मुशीचं कालवण दिलं की दूध उतरतं, हे कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक. आणि कोळ्याच्याच घरात सुक्या मुशीचा एक तुकडा नव्हता! काळूरामने होती नव्हती ती बोर्लीच्या बाजारात विकून टाकली होती. त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

म्हणून यंदाच्या शेवटच्या फेरीत त्याने हातभर लांबीची जिवंत मुशी आणली आणि पडवीतल्या हौदात सोडली. मासळी खारवायचा सिमेंटचा हौद तो. खाडीच्या पाण्याने काठोकाठ भरला. जनीचे दिवस भरेपर्यंत मुशी जगवायची आणि पोर झालं की कापायची, असा बेत.

"अरे, मुशी काय कोंबडी हाय पाळायला?" शेजारच्या रावजीने विचारलं.

"बघशील तू!"

आणि अहो, जगली की ती! पण घरादाराचा जीव घेऊन जगली. पावसाने खाडीचं पाणी गोड होऊ लागलं, तसा काळूराम हौदात मीठ टाकायला लागला. सकाळी उठून आधी हौदात बोट बुडवायचं आणि चाखायचं. "वेणू, आळणी झालंय गं! मीठ आण!" त्याची बायको वेणूबाई मीठ आणून आपटायची. "माझ्या कालवणाची कधी येवढी काळजी केलीत?"

हौदावर गळायला लागलं, तेव्हा त्याने स्वयंपाकघरावरची झापं काढून पडवीवर घातली. मग वेणूबाई डोक्यावर इरलं घेऊन भाकऱ्या भाजायला लागली! खाडीच्या काठाने फेकजाळ्यात पागून आणलेली कोलंबी आधी हौदात जायची, उरलीच तर ताटात. जनीची सासू नीराबाई खाडीपल्याडच्या आगरदांड्याहून तरीने, माहेरी आलेल्या सुनेला बघायला आली. पडवीत अंधार. बिचारीने पाय धुवायला हौदातून तांब्या भरायला हात घातला आणि मुशीने पदरच धरला! नीराबाईची किंकाळी पार धक्क्यावर ऐकू गेली. अर्धा पदर हौदात ठेवून ती आल्या तरीने परत गेली.

"सासूचं काय घेऊन बसलीस, बाय," काळूराम जनीला म्हणाला. "मुशीकडं बघ. कशी भरलीय! माझ्या हातचं खाणं मानवलं तिला."

 दुपारची जनी हौदाच्या काठावर बसायची, पोटावर हात ठेवून. मुशी पाण्यात जडशी फिरायची, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या.

आषाढ लागला आणि एका सकाळी जनीला कळा आल्या. सोनाबाई सुईण आत गेली, आणि जेवणवेळेच्या आत पोराचं रडणं ऐकू आलं. नातू! काळूरामचे डोळे भरून आले. त्याने कोयता उचलला, हौदावरचं झाकण सरकवलं आणि वाकला.

आत एकटी मुशी नव्हतीच! मोठी तळाशी दमून पडली होती, आणि तिच्या अवतीभवती बोटाएवढी पिल्लं वळवळत होती.

काळूराम खाली बसला. सारा जन्म दर्यावर गेला, शेकड्यांनी गाभण मुशी हातांनी फाडल्या, आणि घरातलीचं पोट त्याला कोलंबीनं सुटलंय असं वाटलं होतं!

"अरे, आटप की!" सोनाबाई बाहेर आली. "पोर चोखतंय आणि दूध न्हाय."

 काळूरामने कोयता उगारला, पण तो खाली आणवेना. हुंदका आवरेना.

"सोनाबाय... ही बी ओली बाळंतीण हाय गं."

सोनाबाईने हौदात डोकावून पाहिलं. अर्ध्या गावाचा जन्म तिच्या हातून झालेला. "ठेव तो कोयता, मेल्या! बाळंतिणीवर उगारतोस व्हय?"

"मग माझ्या जनीला काय देऊ? ह्ये बी पोर जाऊ दे?"

तेवढ्यात वेणूबाई वाफाळता वाडगा घेऊन समोरून गेली. मुशीच्या कालवणाचा वास पडवीभर झाला.

"ही कुठली?"

"सुकी. तुमची विकायची घाई ठाव हाय मला. औंदा माजघरात तांदळाच्या कणगीत आधीच दडवून ठेवली."

"आणि हौदातली गाभण हाय, ह्ये बी ठाव हुतं?"

"बाईमाणसाला कळतं त्ये."

"मग सांगितलं का न्हाईस?"

वेणूबाई थांबली. "गेल्या सालापास्नं तुमी घरी आलात की भिंतीकडं तोंड करून पडत हुता. मुशी आली आन् सकाळी उठायला लागलात. कशाला सांगू?"

जनीला दूध उतरलं. तिसऱ्या दिवशी पोराच्या ओठांवरून ओघळायला लागलं, तेव्हा काळूराम पडवीत जाऊन पुन्हा एकदा रडला. पाचवी पुजली तेव्हा वेणूबाईने हौदाच्या काठालाही हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी भरतीला काळूरामने घमेल्यातून सगळी बाळंतीण मंडळी खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडली. एवढी छाती ठोकून झाल्यावर हे गावाला सांगायचं कोणत्या तोंडाने? त्याने कोणालाच सांगितलं नाही.

नारळीपौर्णिमेला नातू गुटगुटीत झालेला बघून रावजीने त्याला बंदरावर गाठलं, सगळ्यांच्या देखत.

"मानलं तुला, काळूराम! भर पावसात पोसलेली मुशी. लागली कशी रे?"

काळूरामने समुद्राकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला,

"मीठ बेताचं हुतं."