स्टोअररूममधली भ्रामरी

बढतीच्या मुलाखतीला मी घाबरेन? छे, शक्यच नाही! महिनाभर नणंदेकडे प्राणायाम शिकत होते मी. ती योगशिक्षिका. तिच्यासमोर घरात कुणी साधी जांभई दिली तरी ती चुका काढते!

"भ्रामरी म्हणजे नुसती गुणगुण नव्हे, वहिनी," ती समजावायची. "श्वास सोडताना त्याच्याबरोबर 'मी'सुद्धा सोडायचा."

सोडायला माझी कुठे ना होती? आधी बढती तेवढी पदरात पडू दे, एवढंच!

मुलाखतीच्या दिवशी मात्र माझा नंबर यायच्या आधीच उठले. सरळ ऑफिसच्या स्टोअररूममध्ये शिरले, कागदांच्या गठ्ठ्यांवर मांडी ठोकली, डोळे मिटले, अंगठ्यांनी कान गच्च बंद केले आणि लावला सूर, "म्ऽऽऽऽ!" रिकाम्या लोखंडी कपाटांनी अशी काही साथ दिली की मला वाटलं, लागली समाधी!

बाहेर काय गोंधळ उडाला, ते मला नंतर कळलं.

"मधमाश्या!" कॅशियरबाई किंचाळल्या. "स्टोअररूममध्ये पोळं आहे!"

"केवढं?" साहेबांनी विचारलं.

"आवाजावरून म्हशीएवढं!"

साहेब मुलाखत घ्यायला आलेल्या पाहुण्यांना ढकलून जिना उतरले. मागोमाग अख्खं ऑफिस आवारात! वॉचमनने रेनकोट चढवला, हेल्मेट घातलं आणि बादलीत ओले पुठ्ठे पेटवून स्वारी निघाली माश्यांना धूर द्यायला.

त्याने दार किलकिलं करून बादली आत सरकवली. मी नेमका तेव्हाच छाती भरून श्वास घेतला!

मग कुठली भ्रामरी! खोकत, शिंकत, केस पिंजारलेल्या अवस्थेत मी दाराकडे झेपावले. धुरातून मला येताना बघून वॉचमन ओरडला, "आई गं! राणीमाशी!" आणि हेल्मेटसकट पळाला.

आवारात साहेबांनी मला धरून खुर्चीवर बसवलं. पाहुणे वारा घालू लागले.

"अरेरे, तुम्ही आत अडकला होता? किती माश्या होत्या?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायचं तर श्वास लागतो. तो माझ्याकडे उरला नव्हता.

"एकच," मी म्हणाले. "मीच ती."

बढती कॅशियरबाईंना मिळाली. प्रसंगावधान दाखवलं म्हणे! मला मिळाली खोकल्याची बाटली. वर डॉक्टरांनी बजावलं, "हे बघा, काही दिवस श्वासाशी अजिबात खेळू नका. जसा येतो तसा येऊ द्या!"

हे मी नणंदेला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!