गेत्सल पुढे उभा राहणार

"झुंडल, तुझ्या गळ्यात देवानं चांदीची घंटा बांधलीय रे!" आई पाव भाजता भाजता म्हणायची. तिला जाऊन तीस वर्षं झाली, पण गाडीत बसलेल्या झुंडल टोपीवाल्याला आज तेच ऐकू येत होतं. कारण घंटेला तडा गेला होता. गेले तीन महिने वरचा सूर लागेना. आणि नववर्षाची प्रार्थना गावापुढे उभं राहून म्हणायची ती वीस वर्षं त्यानंच. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी रात्री सब्बाथच्या, म्हणजे पवित्र विश्रांतिदिनाच्या, ताटावर तिच्यासाठी गायचं स्तुतिगीत तेवढं हळूच बंद केलं होतं.

आता एकच उपाय होता. दुखणं चिठ्ठीत लिहून रेबेंच्या, म्हणजे ज्यू पंथगुरूंच्या, हाती द्यायचं. गाडी मेहुणा गेत्सल हाकत होता. त्याच्या खिशात बहिणीची, म्हणजे झुंडलच्याच बायकोची, फ्रिमेटची, चिठ्ठी होती.

रेबेंपुढे जायचं तर आधी स्नानकुंडात बुडी. आत वाफच वाफ, आणि खुंट्यांवर एकाच शिंप्यानं शिवलेले वीस काळे डगले. "दाजी, पळा, रांग वाढतेय!" गेत्सल ओरडला. हाताला लागला तो डगला चढवून दोघं धावले.

झुंडलनं खिशातली चिठ्ठी घडीसकट पुढे केली. रेबेंनी ती वाचली, आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"शुक्रवारी घरी गात नाहीस."

चिठ्ठीत झुंडलनं घराचं अक्षरही लिहिलं नव्हतं!

"बायको रडते. तुझं मन उडालं असं तिला वाटतं. जा, काय असेल ते तिला सांग."

"यांना भिंतीपलीकडचं दिसतं हो!" बाहेर येऊन झुंडल रांगेला सांगत सुटला. तेवढ्यात आत गेलेला गेत्सल उड्या मारत आला.

"दाजी! रेबे म्हणाले, आवाज चिरका झाला म्हणून मागं सरू नकोस. नववर्षाला तूच पुढे उभा राहा!"

"तू?"

"मीच! माझा आवाज चिरका आहे, हे त्यांना न ऐकता कळलं!"

झुंडलला वाटलं, रेबेंनी सगळं ओळखलं, वर जागाही काढून घेतली.

गेत्सलनं परतीच्या वाटेवर तालीम धरली. पहिल्या तानेला घोडी थबकली, दुसरीला उधळली. गावात शिरेपर्यंत निम्मं गाव दारात आलं होतं. प्रार्थनागृहाचे म्हातारे प्रमुख कपाळाला हात लावून म्हणाले, "रेबेंचा शब्द मोडायचा कुणी? कापूस मागवा रे, कानात घालायला!"

फ्रिमेट फाटकातच उभी होती. "गेत्सल, माझ्या चिठ्ठीला काय म्हणाले?"

"तुझ्या? ताई, ते माझंच बोलत होते! आणि प्रसाद बघ, खिशात आपोआप ज्येष्ठमध आलं. वाटभर चघळतोय." त्यानं मूठ उघडली.

"अरे, ते माझं!" झुंडलच्या तोंडून निघून गेलं.

फ्रिमेटनं गेत्सलच्या डगल्याचा गळा उलटवला. आत तिनंच घातलेला निळा टाका होता. "हा तर तुमचा डगला! म्हणजे माझी चिठ्ठी तुम्ही दिलीत? आणि यानं तुमची?"

गेत्सलनं विचारलं, "मग... मी पुढे उभा राहायचं नाही?"

"नाही!" दारादारातून निम्मं गाव एका सुरात ओरडलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

फ्रिमेटचं तिकडे लक्षच नव्हतं. डोळे भरून आले होते, पण आवाज कडक होता. "माझ्या चिठ्ठीत काय होतं ते रेबेंनी तुम्हाला सांगितलं ना? मग आता तुमचं सांगा. ज्येष्ठमध कशाला लागतं हो तुम्हाला? तेही चोरून?"

झुंडलनं टोपी काढली, पुन्हा घातली. सगळं गाव ऐकत होतं.

"माझा आवाज फाटलाय, फ्रिमेट," तो म्हणाला. "गावापुढे फाटला तर एक वेळ सोसेन. तुझं गाणं गाताना फाटू नये म्हणून गप्प बसत होतो."